गाठ आणि तिचा शेजार

 

आपल्या कार्यक्रमात आपण अंगावरचं रक्त कमी होणं, स्तनाची तपासणी, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अशा बायकांच्या दुखण्यांवर बोलत आलो. आज विषय पुरुषांच्या दुखण्याचा आहे, प्रोस्टेटच्या कॅन्सरचा. बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कुणी विचारील. पण घरातलं म्हातारं माणूस रात्री चार-चारदा उठतंय हे सगळ्यात आधी कळतं ते घरातल्या बाईला. दवाखान्याची पिशवी तीच भरते. आणि औषधपाण्याला पैसे कमी पडले की गटाच्या सभेत कर्जाचा अर्जही तीच देते. म्हणून हा विषय आपला आहे.

त्यात आणखी एक गोष्ट आली आहे. हल्ली मोबाइलवर आणि माहितीपत्रकांवर 'स्टेम सेल' हा शब्द सारखा दिसतो. मराठीत त्याला मूलपेशी म्हणतात. मूलपेशींच्या इंजेक्शननं गुडघे बरे, साखर बरी, मेंदूचे आजार बरे, आणि आता कॅन्सरही बरा, असं छापलेलं असतं. मूलपेशी अंगाची डागडुजी करतात हे खरंच आहे. पण प्रोस्टेटच्या गाठीजवळ याच मूलपेशी काय करतात, हे ऐकलंत की त्या माहितीपत्रकाकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. आज आपण तेच समजून घेऊ.

अक्रोडाएवढी ग्रंथी

पुरुषांच्या लघवीच्या पिशवीच्या खाली, लघवीच्या नळीभोवती, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. बायकांना ती नसते. वीर्यातला पातळ भाग तयार करणं हे तिचं काम. पुरुषाच्या शरीरातल्या संप्रेरकावर, म्हणजे हार्मोनवर, ती वाढते आणि चालते.

वय वाढलं की बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी फुगते. ठिबकच्या नळीवर बाहेरून दगड ठेवला तर पुढं पाणी थेंब-थेंब येतं, तसं होतं. लघवीला जोर द्यावा लागतो, धार बारीक होते, रात्री वारंवार उठावं लागतं. ही वाढ साधी असते. तिला कॅन्सर म्हणत नाहीत आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत.

कॅन्सर ही वेगळी गोष्ट. तो बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो. म्हणून सुरुवातीला नळीवर दाब येत नाही आणि काही जाणवतही नाही. पुष्कळ जणांत तो सावकाश वाढतो, काहींत तर इतका सावकाश की डॉक्टर लगेच उपचार न करता ठरावीक काळानं तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवतात. पण काहींत तो झपाट्यानं पसरतो आणि हाडांत जातो. पाठीचा मणका, माकडहाड, कमरेची हाडं, बरगड्या या त्याच्या नेहमीच्या जागा. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त पुरुषांना हा कॅन्सर झाल्याचं निदान होतं. त्यातले कितीतरी जण पाठ दुखते म्हणून महिनोन् महिने तेल चोळत राहतात आणि मग दवाखान्यात पोचतात.

दाणे आणि भुसभुशीत माती

आता थोडं आत जाऊ. प्रोस्टेटचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दोन प्रकारचं मांस दिसतं. एक म्हणजे बारीक-बारीक पिशव्या आणि त्यांच्या आतून अस्तरासारख्या बसलेल्या पेशी. रस तयार करण्याचं काम या पेशींचं. कॅन्सर बहुतेक वेळा यांच्यातच सुरू होतो. दुसरं म्हणजे या पिशव्यांच्या मधलं, त्यांना धरून ठेवणारं मांस. त्यात स्नायूंच्या पेशी असतात, तंतू विणणाऱ्या पेशी असतात, रक्ताच्या बारीक वाहिन्या, नसा आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही असतात. डॉक्टर याला आधार-ऊती म्हणतील. आम्ही त्याला गाठीचा शेजार म्हणू.

पूर्वी कॅन्सर म्हणजे फक्त बिघडलेल्या पेशींची गाठ, एवढंच बघितलं जायचं. शेजाराकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पण १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हा कॅन्सर शरीरात कुठंही, कसाही पसरत नाही, काही ठरावीक अवयवांतच जास्त रुजतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी बी आणि माती यांचा दाखला दिला. आपल्याला तो समजायला वेळ लागायचा नाही. वाऱ्यानं तणाचं बी सगळ्या शिवारात उडतं, पण उगवतं ते त्याला मानवणाऱ्या रानातच. एकाच्या बांधावर गाजरगवत माजतं आणि शेजारच्या खडकाळ माळावर त्याचं एकही रोप दिसत नाही. बी तेच, फरक जमिनीचा.

शेजाराची ताकद

प्रोस्टेटच्या बाबतीत ही माती किती ताकदवान असते, हे अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेराल्ड कुन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पोटातल्या पिल्लाच्या शरीरात जिथं पुढं प्रोस्टेट तयार होणार असतं, तिथली भोवतालची कोवळी ऊती त्यांनी घेतली. तिच्याशेजारी मोठ्या उंदराच्या लघवीच्या पिशवीच्या अस्तरातल्या पेशी ठेवल्या. काय झालं असेल? त्या पिशवीच्या पेशींनी आपलं जुनं काम सोडलं आणि प्रोस्टेटसारख्या ग्रंथी तयार केल्या. शेजारानं सांगितलं, तशी पेशी वागली.

मग पुढचा प्रश्न आला. चांगला शेजार पेशीला घडवू शकतो, तर बिघडलेला शेजार तिला बिघडवू शकेल का? १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं याचं उत्तर दिलं. त्यांनी माणसाच्या प्रोस्टेटच्या अशा पेशी घेतल्या, ज्या प्रयोगशाळेत सतत वाढायच्या, पण उंदरात घातल्या तरी कॅन्सरची गाठ करायच्या नाहीत. म्हणजे अर्ध्या वाटेवर उभ्या असलेल्या पेशी. त्यातल्या काही पेशींबरोबर निरोगी प्रोस्टेटमधल्या तंतू विणणाऱ्या पेशी मिसळल्या. काही झालं नाही. दुसऱ्या भागात कॅन्सरच्या गाठीशेजारून काढलेल्या तंतू विणणाऱ्या पेशी मिसळल्या. तिथं मात्र कॅन्सरसारख्या गाठी वाढल्या.

मैत्रिणींनो, यात लक्षात ठेवायचं एवढंच. दोन्हीकडे बी एकच होतं. बदलली होती ती माती. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी रुग्णांच्या गाठीही तपासल्या. गाठीशेजारचं मांस किती बदललं आहे यावरून शस्त्रक्रियेनंतर आजार परत येण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधता येतो, असं त्यांना आढळलं.

मूलपेशी म्हणजे काय

मग ही माती बदलते कशी? इथं मूलपेशी येतात.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. त्वचेची पेशी त्वचेचं काम करते, हाडाची हाडाचं. बहुतेक पेशींचं काम एकदा ठरलं की ठरलं. पण शरीरात काही पेशी राखून ठेवलेल्या असतात, ज्यांचं काम अजून पक्कं ठरलेलं नसतं. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि गरज पडली की दुसऱ्या प्रकारच्या पेशीही घडवतात. त्या मूलपेशी.

मूलपेशींचे प्रकार बरेच आहेत. हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये काही रुग्णांना बोनमॅरो बदलतात, तेव्हा याच पेशी दिल्या जातात. तो उपचार खरा आहे, जुना आहे आणि त्यानं माणसं वाचली आहेत.

त्याच मगजात आणखी एका प्रकारच्या मूलपेशी सापडतात. १९६० आणि ७०च्या दशकांत सोव्हिएत रशियातले शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी त्या ओळखल्या. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबीच्या पेशी तयार होऊ शकतात. १९९१ साली अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं. नाव अवघड आहे. आपण त्यांना डागडुजीच्या मूलपेशी म्हणू. आजचा सगळा विषय याच पेशींचा आहे.

खोटी हाक

विळ्यानं बोट कापलं की काय होतं ते आठवा. आधी रक्त गोठतं, मग जागा सुजते, लाल होते. तिथून रासायनिक निरोप निघतात. तो निरोप ऐकून मदतीच्या पेशी गोळा होतात. तंतू विणले जातात, नव्या रक्तवाहिन्या येतात, खपली धरते. काम संपलं की हे कामगार पांगतात आणि जखम भरून निघते.

१९८६ साली बॉस्टनमधले डॉक्टर हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी लिहिलं की कॅन्सरची गाठ ही न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. जखमेतून जसे निरोप निघतात, तसेच निरोप गाठ सोडत राहते. फरक एवढाच, की जखम भरली की निरोप थांबतात. गाठीचे थांबत नाहीत.

गावात पूर आला, घरं पडली, अशी हाक आली तर चांगला गवंडी थापी घेऊन निघतो. पण हाक देणारा लबाड असला आणि गायरानावर अतिक्रमण करून वाडा बांधत असला तर? गवंड्याला ते काय माहीत. तो भिंत बांधून देतो. डागडुजीच्या मूलपेशींचं असंच होतं. त्यांचा गुण चांगला, हाक खोटी.

हे नुसतं बोलणं नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या गटानं प्रोस्टेटच्या गाठीचे निरोप शोधून काढले. गाठीतल्या पेशी एक विशिष्ट प्रथिन सोडतात. मूलपेशींच्या अंगावर ते ओळखणारी खूण असते. त्या खुणेच्या आधारानं मूलपेशी गाठीकडे ओढल्या जातात. गाठीशी पोचल्यावर त्यांचं रूप बदलतं आणि त्या गाठीला साथ देणाऱ्या तंतू विणणाऱ्या पेशी बनतात. मग त्या स्वतः दुसरं प्रथिन सोडू लागतात आणि त्यामुळे कॅन्सरच्या पेशी पसरायला सज्ज होतात. हे प्रयोग उंदरांवर झाले.

माणसाच्या गाठीत या पेशी खरोखर असतात का, हेही बघितलं गेलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया करून काढलेल्या प्रोस्टेटचे तुकडे तपासले. दर दहा हजार पेशींत एकापासून ते जास्तीत जास्त शंभरात साधारण एक, एवढ्या प्रमाणात डागडुजीच्या मूलपेशी त्यांना मिळाल्या. संख्या थोडी. पण मुकादमही गावात एखादाच असतो, तरी टोळी त्याच्या सांगण्यावर चालते.

गाठीशेजारी येऊन या पेशी काय-काय करू शकतात, ते चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, त्या स्वतः तंतू विणणाऱ्या पेशी बनतात आणि गाठीभोवतीचं मांस बदलून टाकतात. दुसरी, नव्या रक्तवाहिन्या तयार व्हाव्यात म्हणून निरोप देतात. म्हणजे गाठीला नवा पाट काढून पाणी देतात. तिसरी, आपल्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना शांत करतात. जखम भरताना हे चांगलं असतं, कारण सूज आटोक्यात राहते. पण गाठीपाशी राखणदारालाच झोप लावल्यासारखं होतं. आणि चौथी, कॅन्सरच्या पेशींना जागा सोडून दुसरीकडे जायला मदत करतात.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. सगळ्याच प्रयोगांत असंच दिसलं आहे, असं नाही. काही प्रयोगांत या मूलपेशींमुळे गाठीची वाढ उलट कमी झाली. कुठल्या गाठीत, कधी आणि किती पेशी आल्या यावर ते बदलतं. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना सरसकट शत्रूही म्हणत नाहीत आणि औषधही म्हणत नाहीत.

हाडातलं घर

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांतच का जातो, याचाही थोडा उलगडा मूलपेशींमुळे झाला. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींची राहायची ठरावीक जागा असते. तिथं त्यांना पोसणाऱ्या, सांभाळणाऱ्या पेशी शेजारी असतात. २०११ साली मिशिगनच्याच संशोधकांनी उंदरांत दाखवलं की हाडात आलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी याच जागेसाठी झगडतात आणि मूलपेशींना तिथून हुसकावतात. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडं घालावं, तसा प्रकार. घर दुसऱ्याचं, खाणं दुसऱ्याचं, वाढतं भलतंच. पॅजेट डॉक्टरांच्या बी आणि मातीच्या दाखल्याला इतक्या वर्षांनी असा पुरावा मिळाला.

एक कर्जाचा अर्ज

आता हे सगळं आपल्या गटाशी कसं येऊन भिडतं, ते ऐका.

आम्ही ज्या गटांचं काम बघतो, त्यातल्या एका गटात एका ताईंनी साठ हजारांच्या कर्जासाठी अर्ज दिला. त्यांच्या सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो हाडांत गेला होता. सरकारी दवाखान्यात उपचार सुरू करायला सांगितले होते. तेवढ्यात नात्यातल्या कुणीतरी शहरातल्या एका खाजगी दवाखान्याचं रंगीत माहितीपत्रक आणून दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'तुमच्याच मूलपेशी तुमचा कॅन्सर बरा करतील, ऑपरेशन नाही, त्रास नाही.' तीन इंजेक्शनं, पैसे आधी भरायचे.

सभेत गटाच्या बायकांनी ताईंना दोष दिला नाही. सासऱ्यांसाठी जीव तुटत होता म्हणूनच त्या आल्या होत्या. पण गटानं सांगितलं की आठ दिवस थांबू, आधी विचारू. अध्यक्षताई, आम्ही आणि त्या ताई, अशा तिघी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबत ते माहितीपत्रक नेलं.

डॉक्टर म्हणाले, "या आजारावर मूलपेशींचा मान्य असा कुठलाही उपचार नाही. आणि ज्या पेशी गाठीला साथ देऊ शकतात, त्या तुम्ही पैसे देऊन अंगात घालून घेणार का?"

गाठीच्या शेजाराची ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकली. तिथूनच आजच्या भाषणाचा विचार सुरू झाला.

त्या सासऱ्यांना हार्मोन कमी करण्याचा उपचार सरकारी योजनेतून मिळाला. गटानं साठ हजारांच्या जागी जाण्या-येण्याला आणि राहण्याला लागणारं सहा हजारांचं कर्ज मंजूर केलं. आजार मुळापासून गेलेला नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण पाठीचं दुखणं उतरलं, आणि म्हातारबाबा आता स्वतःच्या पायानं पारावर जाऊन बसतात. घरावर साठ हजारांचा बोजाही चढला नाही.

शास्त्रज्ञांनी स्वतः करून बघितलं

कुणी म्हणेल, मूलपेशी गाठीकडे ओढल्या जातात तर त्यांच्याच पाठीवर औषध लादून पाठवता येणार नाही का? हा विचार शास्त्रज्ञांनाही सुचला आहे आणि त्यावर काम चालू आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याची पहिली पायरी म्हणून एक छोटी चाचणी झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या सात पुरुषांना, त्यांची रीतसर संमती घेऊन, दुसऱ्या माणसांच्या मगजातल्या मूलपेशी शिरेतून दिल्या. काही दिवसांनी ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या प्रोस्टेटमध्ये त्या पेशी पोचल्या का, ते तपासलं. मोजता येईल एवढ्याही त्या तिथं सापडल्या नाहीत. हा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला.

बघा, मोठ्या विद्यापीठात, सगळ्या यंत्रसामग्रीनिशी, एवढ्या काळजीनं केलेल्या चाचणीत पेशी गाठीपर्यंत पोचल्याचंही दिसलं नाही. मग गल्लीतल्या दवाखान्यातल्या सलाइननं काय होणार? पेशी पोचल्या नाहीत तर पैसे पाण्यात. पोचल्या तर त्या कुणाच्या बाजूनं काम करतील याचा भरवसा नाही. दोन्ही बाजूंनी तोटा रुग्णाचाच.

ज्या कॅप्लन यांनी या पेशींचं नाव रूढ केलं, त्यांनीच २०१७ साली लिहिलं की हे नाव आता बदलायला हवं. 'स्टेम सेल' या शब्दामुळे रुग्णांची दिशाभूल होते आणि दवाखाने त्या शब्दावर धंदा करतात, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्या देशातही याबद्दल नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जिला आयसीएमआर म्हणतात, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. रक्ताच्या काही आजारांसाठी रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी देणं एवढंच त्यात उपचार म्हणून मान्य आहे. बाकी सगळं संशोधन. ते परवानगी घेऊन, नोंदणी करूनच करायचं. आणि एक सोपी खूण लक्षात ठेवा. मान्यता असलेल्या संशोधनात भाग घेणाऱ्या माणसाकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घेत नाहीत. कुणी 'ट्रायल आहे' म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठून यायचं.

मग खरे उपचार कोणते

प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर कळला तर शस्त्रक्रिया किंवा किरणांचा उपचार, म्हणजे शेक देऊन, तो बरा होऊ शकतो. पुढं गेलेल्या आजारात पुरुषी हार्मोन कमी करतात. १९४१ साली शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की हे हार्मोन कमी केलं की हा कॅन्सर मागे हटतो. त्यांना १९६६ साली नोबेल पुरस्कार मिळाला. आजही ते इंजेक्शनानं, गोळ्यांनी किंवा एका छोट्या शस्त्रक्रियेनं करतात. त्याशिवाय केमो आहे, हाडं बळकट ठेवणारी औषधं आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आणि बऱ्याच मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटायचं.

गटाच्या सभेत बोलायच्या गोष्टी

पुढच्या मासिक सभेत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. आमच्याकडून काही सूचना.

घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला लघवीचा त्रास असेल, लघवीतून रक्त जात असेल, किंवा पाठ-कंबर सतत दुखत असून रात्री जास्त दुखत असेल, तर आरोग्य केंद्रात न्या. वडील, काका, भाऊ यांच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, कारण अशा घरात धोका जास्त असतो. पायांतली ताकद अचानक कमी झाली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

पीएसए नावाची रक्ताची तपासणी असते. तिचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं समजू नका. साध्या वाढीत आणि जंतुसंसर्गातही तो वाढतो. पक्कं निदान सुईनं तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होतं. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीनं तपासणी टाळू नका. उपचार ठरवायला ती तपासणी लागते.

पुरुष माणूस हे दुखणं लपवतो. लाज वाटते, आणि आपल्यामुळे खर्च वाढेल अशी भीतीही असते. सुनेला सासऱ्यांशी बोलायला अवघड जातं. अशा वेळी सासूबाईंना, मुलाला किंवा आशाताईंना मध्ये घ्या. पण विषय टाळू नका.

आणि उपचारासाठी कर्जाचा अर्ज आला तर गटानं चार प्रश्न विचारावेत. आजाराचं पक्कं निदान कागदावर आहे का? हा उपचार सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितला आहे का? तो योजनेत बसतो का? आणि पैसे आधी भरा, आजच भरा, असा तगादा कुणी लावतंय का? या प्रश्नांची उत्तरं प्रोसिडिंगच्या वहीत लिहून ठेवा. हे प्रश्न अर्ज नाकारण्यासाठी विचारायचे नाहीत. बाईचा पैसा आणि रुग्णाचा वेळ, दोन्ही वाचवण्यासाठी विचारायचे. कॅन्सरच्या आजारात खोट्या उपचारात गेलेले तीन महिने परत मिळत नाहीत.

मूलपेशी आपल्या अंगात जन्मभर राबतात. त्यांच्यामुळे जखमा भरतात, रक्त तयार होतं. पण त्यांच्या नावाचा माल विकणारा प्रत्येक माणूस त्यांच्याइतका प्रामाणिक असेलच असं नाही. तुमच्या गटात असं एखादं माहितीपत्रक आलं असेल तर ते फाडून टाकू नका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवा आणि सभेत ठेवा, म्हणजे बाकीच्या बायकांनाही ते ओळखता येईल.